चित्र तुझे, टी-शर्ट मंडळाचा

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाचा खालचा खण उपसला की मध्यमवर्गीय मराठी घरात एक वस्तू हटकून हाती लागते. ती म्हणजे छातीवर चित्र छापलेला टी-शर्ट. कधी तो गणेशोत्सव मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा असतो, कधी गिर्यारोहण मंडळाच्या राजगड-तोरणा मोहिमेचा, कधी ढोल-ताशा पथकाचा, तर कधी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा. घरात माणसे चार आणि असे टी-शर्ट अकरा, हा हिशेब काही जगावेगळा नाही. जरा विटला की तो झोपताना घालायचा आणि आणखी विटला की फरशी पुसायला काढायचा, असा त्याचा जीवनक्रमही ठरून गेलेला आहे.

या टी-शर्टाचे कापड कसे आहे, पहिल्या धुण्यात रंग गेला की राहिला, यावर घरोघर चर्चा होते. पण त्यावरचे चित्र कोणी काढले, असे एकदा विचारून पाहा. घरधनी मंडळाच्या अध्यक्षांचे नाव सांगतील, छापणाऱ्याचे सांगतील. देणगीदाराचे नाव सांगायची गरजच नाही, ते पाठीवर ठळक अक्षरांत छापलेले असते. चित्राविषयी मात्र, ‘काढलं होतं आपल्यातल्याच कोणीतरी’, एवढ्यावर भागते.

हा जो ‘आपल्यातलाच कोणीतरी’ आहे, त्याच्याविषयी आज चार शब्द लिहायचे आहेत.

हा कोणी व्यावसायिक चित्रकार नसतो. त्याला कोणी काम सांगितलेले नसते. एखाद्या गडावर, नाटकावर, खेळावर किंवा संस्थेवर त्याचा जीव जडलेला असतो आणि त्या ओढीने तो रात्री जागून चित्र काढतो. समजा, अशाच एका गिर्यारोहण मंडळात विशीतली एक मुलगी आहे. पावसात चिंब भिजून राजगडावरून परतल्यावर तिने एक चित्र काढले. धुक्यात बुडालेला बालेकिल्ला, आणि त्याच्या चढणीवर मुंग्यांच्या रांगेसारखी दिसणारी माणसे. तिने ते मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. सर्वांनी वाहवा केली. पंधरा दिवसांनी मंडळाचे कार्यवाह तिला भेटतात.

“अगं, तुझं चित्र आपण टी-शर्टवर घेतलं बरं का!”

“घेतलं? म्हणजे छापूनसुद्धा झालं, काका?”

“दोनशे आलेत कालच. तुझा एक बाजूला काढून ठेवलाय. साडेतीनशे रुपये सावकाश दे, घाई नाही.”

काकांच्या मनात काही काळेबेरे आहे, असे कृपा करून समजू नका. त्यांनी मोठ्या कौतुकानेच ते चित्र निवडले. टी-शर्ट मंडळाला २२० रुपयांना पडला आणि ३५० रुपयांना विकला, असे धरले तर २०० टी-शर्टांमागे २६,००० रुपये उरले. त्यातून पायथ्याच्या गावातील शाळेला वह्या-पुस्तके जाणार आहेत. काकांच्या खिशात छदामही गेलेला नाही. या गोष्टीत खलनायक कोणीच नाही, आणि म्हणूनच ती अवघड आहे. चोर असता तर त्याला पकडता आले असते. येथे आपलेच दात आणि आपलेच ओठ!

ती मुलगीही काही बोलत नाही. वह्या-पुस्तकांच्या आड कोण येणार? ती साडेतीनशे रुपये देते, टी-शर्ट घेते आणि घरी जाते. फक्त पुढच्या पावसाळ्यात ती चित्र काढत नाही. काका म्हणतात, ‘हल्लीच्या मुलांना वेळच नसतो.’ मंडळाच्या वार्षिक अहवालात २६,००० रुपयांची शिल्लक दिसते. जे चित्र काढलेच गेले नाही, त्याची नोंद कुठल्याही रकान्यात होत नाही. माझ्या मते मंडळाचे खरे नुकसान तेथे झालेले असते.

हा प्रश्न काही आपल्याच मंडळांना पडलेला नाही. एखाद्या गोष्टीच्या प्रेमाने माणसे एकत्र आली, की आज ना उद्या ती टी-शर्ट काढतात आणि टी-शर्ट आला की हा प्रश्न येतोच. याच्या उत्तम हकीकती सापडतात त्या संगणकवाल्यांच्या जगात. आपल्यापैकी कित्येकांची मुले-सुना त्या जगात नोकरीला असल्यामुळे ते आता परकेही राहिलेले नाही.

युनिक्स नावाची संगणक चालवणारी प्रणाली १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्माला आली. पडद्यामागे राहून निमूटपणे कामे उरकणारे जे छोटे छोटे कार्यक्रम तिच्यात असतात, त्यांना ‘डीमन’ म्हणतात. इंग्रजीत सैतानाच्या पिल्लालाही याच उच्चाराचा शब्द आहे, त्यामुळे या मंडळींना त्यावर विनोद करायचा मोह न झाला तरच नवल! १९७६ साली माइक ओब्रायन नावाचा एक युनिक्सप्रेमी शिकागोत कुलपे-तिजोऱ्या उघडून देण्याचे परवानाधारक काम करीत होता. तेथे फिल फोग्लिओ नावाचा व्यंगचित्रकार राहत असे. त्याच्या खोलीतला जोडीदार गाव सोडून गेला आणि जाताना भिंतीतल्या तिजोरीचा क्रमांक सांगायचे विसरला. ओब्रायनने तिजोरी उघडून दिली. मजुरी म्हणून त्याने पैसे मागितले नाहीत. टी-शर्टासाठी एक चित्र मागितले.

फोग्लिओने ते मन लावून काढले. हातात त्रिशूळ घेतलेली चार लाल, हसरी भुते पाण्याच्या नळांवर चढताहेत, घसरताहेत आणि मागे त्या काळचा कपाटाएवढा संगणक उभा आहे. अमेरिकेतील युनिक्सवाल्यांच्या पहिल्या राष्ट्रीय बैठकीसाठी इलिनॉय राज्यातल्या अर्बाना गावी ते चित्र टी-शर्टवर झळकले. खुद्द बेल प्रयोगशाळेने ते टी-शर्ट डझनांनी विकत घेतले आणि पुढे सुमारे दहा वर्षे हेच चित्र युनिक्सवाल्यांच्या छातीवर मिरवत राहिले. १९८६ साली युनिक्सवाल्यांच्या ‘युझनिक्स’ या संस्थेने ते छापण्याचे हक्क रीतसर विकत घेतले. वरातीमागून घोडे आले खरे, पण आले. कितीतरी वरातींमागून ते येतच नाहीत.

याच हकीकतीचा शेवट मात्र चुटपूट लावणारा आहे. फोग्लिओच्या हातचे मूळ चित्र एका संगणक कंपनीकडे जाहिरातीसाठी पाठवले गेले आणि तेथून ते हरवले. आज त्या चित्राच्या ज्या प्रती आहेत, त्या साऱ्या उरलेल्या जुन्या टी-शर्टांचे फोटो घेऊन केलेल्या आहेत. विटलेल्या सुती कापडावरून मूळ चित्राचा अंदाज बांधायचा! हक्क कोणाचा हे कागदावर ठरले होते, पण तो कागद, ती रेषा सांभाळून परत करण्याची जबाबदारी कोणाची, हे बहुधा कोणी विचारलेच नसावे. सर्वांचे म्हणून जे असते ते सांभाळायला कोणीच नसते, हा अनुभव आपल्या सार्वजनिक संस्थांनाही नवा नाही.

पुढे या भुताची आणखी लोकप्रिय चित्रे जॉन लॅसेटर यांनी काढली. मुलांबरोबर ‘टॉय स्टोरी’ हा १९९५ चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या दिग्दर्शकाची ओळख करून द्यायला नको. त्या भुताच्या चित्राचा कॉपीराइट मार्शल कर्क मॅककुसिक या संगणकतज्ज्ञाकडे राहिला आणि ज्यांना ते छापायचे असेल त्यांनी त्यांना विचारावे, अशी रीत पडली. ही कटकट आहे, असे कोणी म्हणेल. पण कोणाचे दार ठोठवायचे हे ठाऊक असणे, ही मोठी सोय असते.

याच्या अगदी उलट टोकाला बसला आहे तो लिनक्सचा पेंग्विन. लिनक्स ही प्रणाली जगभरच्या हौशी आणि जाणकार माणसांनी मिळून वाढवलेली. तिचे जनक लिनस टोर्वाल्ड्झ यांना ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे एका चिमुकल्या पेंग्विनने चोच मारली होती, आणि तेव्हापासून त्या पक्ष्यावर त्यांचा लोभ जडला, असे ते सांगत. आपले चिन्ह कसे असावे, याविषयी त्यांची कल्पना अशी, की पेंग्विन चांगला गुबगुबीत असावा, पोटभर जेवून तृप्त बसलेला असावा. आपल्या भाषेत सांगायचे तर श्रीखंड-पुरीच्या पंगतीवरून नुकत्याच उठलेल्या गृहस्थासारखा! १९९६ साली टेक्सासमधल्या लॅरी ईविंग नावाच्या विद्यार्थ्याने तो काढला. चिन्हाच्या स्पर्धा झाल्या तीन आणि त्यातली एकही या पेंग्विनने जिंकली नाही. पण लोकांनी त्यालाच उचलून घेतले. आज तो टी-शर्टांवर, चहाच्या मगांवर, कापसाच्या बाहुल्यांत सर्वत्र आहे.

ईविंगने या पेंग्विनबरोबर एक ओळ लिहून ठेवली. तिचा मतलब असा, की हे चित्र वापरा, हवे तसे बदला, परवानगी आहे. मात्र कोणी विचारले तर माझे नाव सांगा, आणि ज्या मोफत चित्र-कार्यक्रमाच्या साहाय्याने मी ते काढले त्याचेही सांगा. किती लहान अट! ‘कोणी विचारले तर’! पैशाची मागणी नाही, टी-शर्टांच्या संख्येचे बंधन नाही. पण आपण काय देत आहोत आणि काय राखून ठेवत आहोत, हे त्याने चित्र देतानाच स्पष्ट केले. त्यामुळे लाखो लोकांनी ते घेतले तरी कोणाच्या मनात किल्मिष राहिले नाही.

अशी ओळ न लिहिली तर काय होते, हे हसऱ्या पिवळ्या चेहऱ्याने दाखवून दिले आहे. तो चेहरा १९६३ साली मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर गावच्या हार्वी बॉल यांनी एका विमा कंपनीसाठी काढला, कर्मचाऱ्यांचे मन प्रसन्न राहावे म्हणून. मोबदला मिळाला ४५ डॉलर. हक्काची नोंद ना बॉल यांनी केली, ना कंपनीने. पुढे १९७० नंतरच्या काळात फ्रान्समधल्या एका तिसऱ्याच गृहस्थाने तसल्या हसऱ्या चेहऱ्याची आपल्या नावाने नोंदणी केली आणि त्यावर मोठा व्यापार उभा राहिला. बॉल यांना त्याची हळहळ नव्हती, असे त्यांच्या मुलाने सांगितले आहे. ती त्यांची थोरवी. पण एकाची थोरवी हा दुसऱ्याच्या व्यापाराचा पाया ठरावा, यात न्याय तो काय? दाराला कडी नसली की आयत्या बिळावर नागोबा येतोच.

येथवर वाचून कोणाला वाटेल, की लेखक चित्रकारांचा वकील झाला आहे. तेव्हा नाण्याची दुसरी बाजूही पाहू. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचा एक ध्वज आहे. वर काळा पट्टा, खाली तांबडा, मध्ये पिवळा सूर्य. तो हॅरल्ड थॉमस या त्यांच्यातल्याच कलावंताने तयार केला आणि जुलै १९७१ मध्ये ॲडलेड येथे तो प्रथम फडकला. हक्कांसाठी झगडणाऱ्या एका समाजाने तो हृदयाशी धरला. १९९५ साली सरकारने त्याला अधिकृत मान्यता दिली. मग हा ध्वज आपणच केला असे म्हणणारे आणखी काही जण पुढे आले, आणि स्वतःच्या निर्मितीवर स्वतःचे नाव लावून घेण्यासाठी थॉमस यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९९७ साली न्यायालयाने कर्ते आणि हक्कदार तेच, असा निवाडा दिला.

पुढे २०१८ साली त्यांनी कपड्यांवर तो ध्वज छापण्याचा हक्क एका खाजगी कंपनीला दिला. त्या कंपनीने नोटिसा धाडायला सुरुवात केली. फुटबॉलच्या संघटनांना धाडल्या आणि मूळ रहिवाशांच्याच आरोग्यासाठी टी-शर्ट विकून पैसे उभे करणाऱ्या एका उपक्रमालाही धाडल्या. ज्यांचा ध्वज, त्यांनीच तो अंगावर छापण्यासाठी पैसे मोजायचे! गदारोळ उठला. २०२० साली फुटबॉल लीगने मूळ रहिवाशांच्या सन्मानार्थ खेळवलेल्या सामन्यांत पैसे देऊन तो ध्वज घेण्याचे नाकारले. सन्मान झाला, पण ज्याचा सन्मान करायचा तो ध्वज गैरहजर! अखेर जानेवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजून ते हक्क विकत घेतले, तेव्हा कुठे तो ध्वज फी न भरता अंगावर मिरवण्याची सर्वांना मोकळीक मिळाली.

या प्रकरणात थॉमस यांचा कायदेशीर हक्क वादातीत होता. पण समाजाने जे चिन्ह पन्नास वर्षे छातीशी धरले, घामाने आणि अश्रूंनी ज्याला अर्थ दिला, त्यात समाजाचा काहीच वाटा नाही असे म्हणवेल का? चित्रकार चित्र काढतो. त्याचे चिन्ह करतो तो समाज. म्हणून हक्क कोणाचा, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. देणाऱ्याने काय दिले आणि घेणाऱ्याने काय घेतले, याविषयी दोघांच्या मनात एकच चित्र आहे का, हेही विचारावे लागते.

* * *

चाहत्याच्या चित्रात आणखी एक अडचण असते. ते पुष्कळदा दुमजली घर असते. आपल्या ‘चिंटू’चेच उदाहरण घ्या. १९९१ सालापासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी हा खट्याळ पोरगा घरोघर पोचवला. समजा, सोसायटीतल्या एखाद्या मुलाने, चिंटू आपल्याच गच्चीवर पतंग उडवतो आहे, असे झकास चित्र काढले आणि सोसायटीने ते स्नेहसंमेलनाच्या पिशव्यांवर छापून विकले. आता परवानगी कोणाची हवी? वरच्या मजल्यावर तो मुलगा आहे, पण खालचा मजला चिंटूच्या जनकांचा आहे. मुलाने भिंतीवर लावण्यासाठी चित्र काढले तर ते कौतुकाने पाहतील. विक्रीची पिशवी ही वेगळी गोष्ट. मुलाला विचारले म्हणून खालच्या मजल्याला विचारायचे टळत नाही, आणि मूळ जनकांना विचारले म्हणून मुलाला वगळता येत नाही. एकाला विसरून दुसऱ्याच्या नावाने दानधर्म करणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

खालच्या मजल्याचा मालक नेहमीच सोज्ज्वळ असतो असे मात्र नाही. ‘फायरफ्लाय’ नावाची एक अमेरिकी दूरदर्शनमालिका २००२ साली अल्पावधीत बंद पडली. तिच्या चाहत्यांनी तिचा ध्यास सोडला नाही. २००५ साली तिच्यावर ‘सेरेनिटी’ हा चित्रपट आला, तेव्हा हेच चाहते चित्रे काढून, टी-शर्ट घालून फुकट जाहिरात करीत होते आणि चित्रपटवाले त्यांना उत्तेजनही देत होते. मग २००६ साली त्यांतल्याच एका चित्रकार बाईंना, तुम्ही आमच्या चित्रपटावर आधारलेला माल विकला म्हणून ८,७५० डॉलर भरा, असे वकिलाचे पत्र आले. चाहते चिडले, पण त्यांनी दगडफेक केली नाही. त्यांनी चक्क बिल पाठवले! आम्ही सर्वांनी मिळून तुमच्या चित्रपटासाठी २८,००० हून अधिक तास फुकट राबलो, त्याचे २१ लाख डॉलर होतात, असे ते बिल होते. ते वसूल होण्यासाठी नव्हतेच. फुकटच्या कामालाही किंमत असते, ती मागितली जात नाही इतकेच, हे सांगण्यासाठी ते होते.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत काय सांगतो, हेही थोडक्यात पाहू. कारण सार्वजनिक संस्थांत त्याविषयी भलतेच समज आहेत. १९५७ चा आपला कॉपीराइटचा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्यानुसार चित्र काढले त्या क्षणी हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि चित्राखाली इंग्रजी ‘सी’चे वर्तुळ काढण्याचीही नाही. हा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर सहीनिशी लेखी करावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते.

आता एक मोठी गंमत ऐका. पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः काढून घेणाऱ्याकडे जातो. पण कोणी न सांगता, मोबदला न घेता चित्र काढले, तर हक्क चित्रकाराकडेच राहतो. म्हणजे ‘तिने फुकट काढलं, मग तिचा हक्क कसला?’ असे जे कार्यवाह म्हणतात, त्यांचे गणित नेमके उलटे आहे. फुकट काढले म्हणूनच तो हक्क तिचा! ‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण निदान चित्रांना लागू नाही.

याच कायद्याचे ५७ वे कलम तर त्याहून हृद्य आहे. आर्थिक हक्क विकून टाकले, तरी कृतीवर आपले नाव असावे, आणि आपल्या कीर्तीला बाध येईल अशी तिची मोडतोड होऊ नये, हे मागणे कर्त्याकडे राहते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प केले होते. १९७९ साली ते काढून गोदामात टाकण्यात आले आणि त्याची दुर्दशा झाली. सहगल सरकारविरुद्ध लढले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने, उरलेले शिल्प त्यांना परत करावे आणि ५ लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल दिला. जे सरकारलाही चुकले नाही, ते मंडळांना कसे चुकेल? चित्रातला बालेकिल्ला अर्धा कापून तेथे प्रायोजकाच्या मसाल्याचे पाकीट बसवण्यापूर्वी हे आठवावे.

* * *

वाचकांपैकी काही वडीलधारी मंडळी एव्हाना कपाळाला आठ्या घालून बसली असतील. ‘अहो, सार्वजनिक काम हे असेच चालते. मांडव घालणारा मुलगा मजुरी मागत नाही. दारात रांगोळी काढणाऱ्या वहिनी कागदावर सही मागत नाहीत. प्रेमाच्या व्यवहारात हे हक्कबिक्क घुसवून तुम्ही आहे ती आपुलकी घालवाल!’

आक्षेप मनापासूनचा आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण जरा बारकाईने पाहा. रांगोळी काढताना वहिनी सर्वांना दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी ती रांगोळी पुसली जाते. मांडव घालणाऱ्या मुलाच्या पाठीवर अध्यक्ष सर्वांदेखत थाप मारतात. टी-शर्टावरच्या चित्राचे तसे नाही. ते दोनशे छात्यांवर गावभर फिरते, विकले जाते, पुढच्या वर्षी पुन्हा छापले जाते, शेजारचे मंडळ त्याची नक्कल करते, आणि ज्याने ते काढले तो त्या गर्दीत कोणालाच दिसत नाही. अकरा रुपये देणाऱ्याचे नाव फळ्यावर खडूने लिहिणाऱ्या मंडळाला चित्र देणाऱ्याचे नाव टी-शर्टाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहायला जड का जावे? चित्र हीसुद्धा वर्गणीच आहे. ती पावतीशिवाय घेऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

आणि आपुलकी लेखी ठेवल्याने जात नाही. ती जाते गृहीत धरल्याने. ‘विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते का?’ हे वाक्य आपण किती घरांत, किती नात्यांत ऐकतो! त्या वाक्यात पैशाचा उल्लेख नसतो. विचारले गेले नाही, हीच त्यातली जखम असते.

तेव्हा मंडळांना सांगायचे ते असे. छपाईला देण्यापूर्वी चित्रकाराला गाठा आणि अर्ध्या पानाचे साधे मराठी पत्र करा. कोणते चित्र, कोणत्या वस्तूंवर, किती नग, कधीपर्यंत, हे त्यात लिहा. उरलेले पैसे कोणत्या कामाला जाणार तेही लिहा, आणि काम झाल्यावर हिशेब त्याला दाखवा. नाव कोठे छापणार ते ठरवा. चित्रात फेरफार करायचा तर आधी दाखवून करा. कागदावरचे मूळ चित्र असेल तर ते अमुक दिवसात परत करू, असे लिहून तसे खरोखर करा. दोनपाच टी-शर्ट भेट द्या आणि त्याचे पैसे मागू नका! संस्थेची ऐपत असेल तर मानधनाचे पाकीटही द्या. चित्रकार नको म्हणाला, तर तो त्याचा मोठेपणा. पण तो दाखवण्याची संधी त्याला मिळू द्या. आणि चित्र कोणाचे हे शोधूनही सापडत नसेल, मोबाइलवर कुठून तरी आलेले असेल, तर ते छापू नका. ज्याचा धनी सापडत नाही ते बेवारस असते असे नाही. दर वेळी आपण पुरेसा शोध घेतलेला असतोच असेही नाही.

चित्र काढणाऱ्या मुलामुलींनाही एक सांगणे आहे. मनात कुढत बसू नका. चित्र देताना त्या पेंग्विनवाल्या विद्यार्थ्यासारखी एक ओळ लिहा. ‘मंडळासाठी खुशाल वापरा, नाव तेवढे द्या’, किंवा ‘पाहायला दिले आहे, छापायचे असल्यास विचारा’. एकदा मोकळ्या हाताने दिलेत की मग मंडळाची भरभराट पाहून हात आखडू नका. ध्वजाची हकीकत विसरू नका. आणि तुमचे चित्र दुसऱ्याच्या पात्रावर उभे असेल, तर आपणही कोणाच्या तरी तळमजल्यावर राहतो आहोत, याची जाण ठेवा.

राहिले आईवडील. शाळेच्या दिनदर्शिकेवर, संस्थेच्या भेटकार्डांवर मुलाचे चित्र छापून आले की आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. त्याबरोबर एवढे पाहा, की त्याला आधी विचारले होते का आणि त्याच्या चित्राखाली त्याचे नाव आहे का. नसेल, तर भांडायला जाऊ नका. नम्रपणे विचारायला जा, आणि जाताना मुलाला बरोबर न्या. आपल्या हातच्या कामाविषयी आदराने विचारता येते, हे त्याला त्या दिवशी कळेल. उद्या तोच मोठा होऊन एखाद्या मंडळाचा कार्यवाह होईल.

दिवाळी संपली की मंडळांच्या सर्वसाधारण सभा लागतील. विषयपत्रिका ठरलेली असते: मागील इतिवृत्त, जमाखर्च, नवी कार्यकारिणी आणि शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’. यंदा जमाखर्चाच्या कागदात देणग्यांच्या यादीखाली एक ओळ वाढवून पाहा. ‘टी-शर्टावरील चित्र’, आणि त्यापुढे ज्याने ते काढले त्याचे पूर्ण नाव. सभेत ते मोठ्याने वाचा. चित्रकार बहुधा मागच्या रांगेत कोठेतरी बसलेला असेल.